रेघ आधी कोणाला दिसली

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
२४ सप्टेंबर २००६

प्रिय रुची,

गणपतीहून परतल्यावर लगेच लिहीन म्हणालो होतो, पण कॉलेजच्या सबमिशनमध्ये तीन आठवडे गेले. गावी मी बोललो होतो ना, की ‘ऑर्डनफेल’चा दुसरा भाग येतोय अशी अफवा आहे, ती खरी निघाली. कंपनीने सत्तर सेकंदांची एक फिल्म आणि चार फोटो टाकलेत. बाकी काही नाही. तारीख नाही, गोष्ट काय ते नाही, तलवारबाजी पहिल्यासारखीच असणार की बदलणार, तेही नाही. म्हणून फोरमवर नुसती भांडणं चाललीयत. ब्रॉडबँड तुम्ही गावी गेल्यावर आलं, त्यामुळे फोरम तू बघितलेला नाहीस. एक वेबसाइट समज, तिथे जगभरचे लोक या एका गेमवर दिवसभर लिहीत असतात. त्या चार फोटोंवर आत्तापर्यंत सहाशे पानं झालीत. कोणी म्हणतं या वेळी घोडा मिळणार. कोणी म्हणतं जादू काढून टाकली, कारण फोटोत जादूची निळी पट्टी दिसत नाही. एक जर्मन माणूस फक्त हिरोच्या बुटांवर लिहितो, आणि त्याला लोक मान देतात.

मीही लिहितो. माझ्या लिहिण्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

चारही फोटोंचे प्रिंट पाठवतोय. सायबर कॅफेत रंगीत शाई संपली होती, काळ्या-पांढऱ्यावर भागव. काय वाटतं ते लिहून कळव. फोन नको. फोनवर काकी रिसीव्हर ओढून घेते आणि आमच्या मम्मीशी अर्धा तास बोलते.

तुझा कॉम्प्युटर बरा आहे. माझ्या टेबलावर आहे, रोज पुसतो. संध्याकाळी बी विंगचा बंटी येतो, तोही आता खेळायला लागलाय.

काकांना सांग, पप्पा हाटकेशला त्यांच्या जुन्या गाळ्यावर जाऊन आले. तिथे आता दुसरा कोणीतरी प्लास्टिकचं काम करतोय. जुन्या माणसांना घेणार नाही म्हणाला. हे तुझ्या पद्धतीने सांग, एकदम नको.

तुझा,
जितू


गावखडी, जि. रत्नागिरी
५ ऑक्टोबर २००६

प्रिय जितू,

गाळ्याचं बाबांना सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले आणि बागेत निघून गेले. वीस वर्षं स्टीलच्या प्रेसवर उभं राहिलेल्या माणसाला बागेत नक्की काय करायचं ते कळत नाही, पण जातात.

फोटो चार दिवस माझ्या खाटेजवळ भिंतीला लावून ठेवलेत. आईला वाटलं कुठल्या तरी देवस्थानाचे आहेत.

आता नीट वाच. दुसरा फोटो घे, दगडी पुलाचा. त्याला सहा खांब आहेत. सगळे खालून काळे आहेत आणि एका उंचीवर तो काळा रंग संपतो. रंगीत फोटोत शेवाळ हिरवं, दगड तपकिरी, सगळं एकमेकांत मिसळत असणार, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसेल. काळ्या-पांढऱ्या कागदावर ती रेघ सरळ दिसते. पट्टी लावून बघ, सहाही खांबांवर एकाच उंचीला आहे. आणि पाणी तिच्या कितीतरी खाली आहे. त्या काळ्या भागावर बारीक पांढरे ठिपके आहेत बघ. ती कालवं आहेत. इथे जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांना अशीच चिकटलेली असतात. आई आणि मी ओहोटीला ती फोडायला जातो, माझ्या बोटांवर त्याचे कापे आहेत. कालवं कायमची कोरड्यावर जगत नाहीत. म्हणजे त्या पुलाखाली पाणी रोज चढतं आणि उतरतं.

आता चौथा फोटो. अर्धा बुडालेला दरवाजा. त्याच्या कडीच्या वर तीच रेघ. पहिल्या भागात बंद दरवाजाला किल्ली शोधावी लागायची. मला वाटतं या वेळी किल्ली नाहीच. पाणी उतरेपर्यंत वाट बघायची, आत शिरायचं, आणि भरती यायच्या आत बाहेर पडायचं. नुसती सजावट असती तर चित्र काढणाऱ्याने सहा खांबांवर मोजून एकच रेघ काढली नसती.

हे फोरमवर टाक. इंग्रजी तू नीट कर. पण खाली लिही, की हे गावखडीच्या रुचिताने सांगितलं. त्या जर्मन माणसाला नकाशात गावखडी शोधू दे.

बंटी माझ्या कीबोर्डवर खाऊन हात न पुसता बसत नाही ना?

रुची


सिल्व्हर पार्क, मीरा रोड
२९ ऑक्टोबर २००६

प्रिय रुची,

फराळाचा डबा मिळाला. मम्मीने सगळ्या करंज्या लपवून ठेवल्या.

तुझं ते पाण्याचं फोरमवर टाकलं. तुझं नावही टाकलं. फार काही झालं नाही. दहा-बारा जणांनी वाचलं असेल. इकडे लोकांना लढाईतच जास्त इंटरेस्ट आहे, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

तरी थोडे प्रश्न आलेत, त्यांची उत्तरं लिहून ठेव. एकजण विचारतो, पाणी घड्याळावर चढणार की हिरो जसा पुढे जाईल तसं? दुसरा म्हणतो, भरती रोज सारखीच असेल तर दोन दिवसांत पाठ होईल, मग मजा काय? एका बाईचं म्हणणं की अंगावर चिलखत असेल तर पोहता कसं येणार. एक कॅनडाचा आहे, त्याला फिल्ममधल्या चंद्राबद्दल विचारायचंय. चंद्र अर्धा आहे, त्याचा प्रिंट सोबत जोडलाय. आणखी तिघांनी विचारलंय की शत्रूंनाही पाण्याची भीती असेल का. जरा लवकर लिही, लोक थांबलेत.

बंटी हात पुसतो.

जितू


गावखडी
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय जितू,

दहाजणांनी वाचलं म्हणतोस आणि प्रश्न सातजणांचे आहेत. म्हणजे ज्यांनी वाचलं त्यांनी मनापासून वाचलं. मला बरं वाटलं. इथे दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं तर ते विहिरीचा पंप, नाहीतर लग्न, याबद्दल बोलतं.

तुझे प्रश्न घेऊन मी खालच्या आळीतल्या दाजींकडे गेले. ते खारवी, चाळीस वर्षं होडी चालवतात. त्यांना गेमचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं. ते म्हणाले की भरती रोज सारखी कधीच नसते. रोज पाऊण तास उशिरा येते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अर्धा चंद्र असेल तेव्हा भांग, म्हणजे पाणी थोडंच हलतं. म्हणून त्या कॅनडावाल्याला सांग, फिल्ममध्ये अर्धा चंद्र मुद्दाम दाखवलाय. ते आपल्याला पाणी सगळ्यात कमी उतरलेलं दाखवतायत. पौर्णिमेला त्या पुलाखाली अजून खोल काहीतरी उघडं पडणार आहे, आणि ते त्यांना आत्ता दाखवायचं नाही. पाठ करून चालणार नाही, आकाशाकडे बघावं लागेल.

चिलखतवाल्या बाईला सांग की पोहता येणारच नाही. तेच तर हवंय. जड चिलखत घालून आत गेलं तर मार कमी लागतो, पण पाणी आलं की मेला. हलकं घालावं तर पाण्यातून सुटतो, पण मार खातो. दर वेळी निवडावं लागेल.

शत्रूंचं मला माहीत नाही. मला स्वतः ती फिल्म बघायला मिळाली असती तर सांगितलं असतं. खरं सांगू का, बंटी माझ्या खुर्चीवर बसून ती फिल्म कितीही वेळा बघू शकतो, याचं मला वाईट वाटतं. त्याला त्यातलं काय दिसणार आहे.

लोकांनी काय उत्तर दिलं ते शब्दशः लिही.

रुची


सिल्व्हर पार्क, मीरा रोड
३ डिसेंबर २००६

प्रिय रुची,

घाईत लिहितोय. कंपनीने जाहीर केलंय की फोरमवरच्या दहा लोकांना गेम बनताना आतून दाखवणार, त्यांची मतं घेणार आणि गेमच्या शेवटच्या यादीत त्यांची नावं देणार. त्या दहात मी आहे. भारतातून एकटा. मी तिथे नियमित लिहितो, सगळ्यांशी नीट बोलतो, म्हणून निवडलं असणार. बंटीने पूर्ण बिल्डिंगला सांगितलं. पप्पांनी ऑफिसात पेढे नेले. पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं की हे नक्की काय असतं ते समजावून सांग.

तुझ्या पाण्याच्या गोष्टीवर लोक ठीक म्हणाले. शब्दशः असं काही नाही.

आता वीस तारखेच्या आसपास मला काहीतरी नवीन मांडायचंय. पहिल्या भागात हिरोची लेव्हल, म्हणजे तो किती तयार झालाय तो आकडा, कोपऱ्यात दिसायचा. या वेळच्या फोटोंत आकडा कुठेच नाही. सगळे त्यावर डोकं फोडतायत. तुझ्याकडे चारही फोटो आहेतच. बघ काही दिसतं का. लवकर.

जितू


गावखडी
२२ डिसेंबर २००६

प्रिय जितू,

अभिनंदन. काकांनी पेढे नेले हे वाचून आईला भरून आलं.

मी महिनाभर आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला जातेय. महिपत सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे सरकारी सर्टिफिकेटचा कोर्स लावलाय. त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुझ्या आकड्याचं सापडलं. हिरोच्या छातीवरच्या चिलखताकडे बघ. त्यावर खिळे ठोकलेत. पहिल्या फोटोत पाच आहेत, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात नऊ. आकडा काढून टाकलेला नाही, तो अंगावर आणलाय. जितके खिळे तितकी लेव्हल. खेळणाऱ्याने कोपऱ्यात न बघता स्वतःकडे बघावं, अशी त्यांची कल्पना दिसते.

तू हे टाकशीलच. माझं नाव घालायची या वेळी गरज नाही.

रुची


सिल्व्हर पार्क, मीरा रोड
९ जानेवारी २००७

रुची,

तू खिळे मोजले होतेस का?

तिन्ही फोटोंत नऊच खिळे आहेत. मी ते मोठं दोन पानी लिहून टाकलं आणि दहा मिनिटांत त्या जर्मन माणसाने तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावून प्रत्येक खिळ्यावर लाल आकडा घातला. एक ते नऊ, एक ते नऊ, एक ते नऊ. खाली फक्त एवढंच लिहिलं, ‘मोजता येतं का?’ त्यानंतर चार दिवस लोक मला आकडे शिकवतायत. कोणी माझ्या नावापुढे लहान मुलांची अंकलिपी लावली. ज्या दहात मी आहे त्यातल्या दोघांनी कंपनीला विचारलं की या माणसाला नेमकं कशासाठी घेतलं. बंटी हे सगळं माझ्या मागे उभा राहून वाचत होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

प्रिंट खराब होता हे मला समजतं. पण खात्री नव्हती तर तसं लिहायचं होतंस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

जितेश


गावखडी
१७ जानेवारी २००७

जितू,

मोजले होते. नऊच आहेत. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही नऊच दिसतात.

महिपत सरांच्या क्लासला लागून सायबर कॅफे आहे. पाच डिसेंबरला क्लास लवकर सुटला आणि एसटीला वेळ होता. आयुष्यात पहिल्यांदा मी तो फोरम उघडला. तुझं पत्र यायचं होतं, मला वाटलं, आपण स्वतःच जाऊन लोकांची उत्तरं वाचू. शोधायला लागलंच नाही. सगळ्यात वर चिकटवून ठेवलंय. ‘पाण्याची रेघ’, लेखक जितेश, मीरा रोड. एकशे चाळीस पानं. पहिल्या पानावर माझं पत्र ओळीने इंग्रजीत आहे. कालवंसुद्धा आहेत. ‘मी लहानपणापासून खाडीकाठी कालवं फोडायला जातो’ असं तू लिहिलंस. तू एकदा आमच्याबरोबर धक्क्यावर आला होतास आणि चप्पल वाहून गेली म्हणून रडत घरी गेलास. कंपनीच्या माणसाने खाली उत्तर दिलंय, की हा मुलगा समुद्राजवळ राहतो हे उघड दिसतं. दाजींचं उधाणही आहे, ते एका म्हाताऱ्या मित्राने तुला सांगितलं म्हणे. माझं नाव शोधायला मी एकशे चाळीस पानं चाळली. एसटी चुकली. पुढची दीड तासाने होती.

घरी येऊन रडले नाही. कोणालातरी सांगावं तर इथे कोणाला काय सांगणार. ‘जितूने माझी गेमची गोष्ट घेतली’ म्हटलं तर आई म्हणेल, मग काय झालं, भाऊच आहे.

मग तुझं पेढ्यांचं पत्र आलं. नियमित लिहितोस म्हणून निवडलं, असं तू मला लिहिलंस. त्या दिवशी मी खिळ्यांची गोष्ट रचली. रंगीत फोटो तुझ्यासमोर होते, माझ्या कॉम्प्युटरवर, मोठ्या स्क्रीनवर. मोजायला पाच मिनिटंही लागली नसती. तू मोजणार नाहीस हे मला माहीत होतं. तू कधीच मोजत नाहीस, तू मला विचारतोस.

तुझी फजिती मी वाचली. पुन्हा कॅफेत जाऊन वाचली, पूर्ण. मला आनंद झाला, हे लपवत नाही.

रुचिता


सिल्व्हर पार्क, मीरा रोड
११ फेब्रुवारी २००७

प्रिय रुची,

तीन आठवड्यांत हे पत्र पाचव्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या चारांत मी कारणं दिली होती. की पहिल्यांदा तुझं नाव घालायचंच होतं, पण तुझा फोरमवर आयडी नव्हता. की लोक म्हणाले असते तू स्वतः का नाही लिहीत. ती सगळी खोटी आहेत. तुझं नाव मी टाइप केलं होतं. टाकायच्या आधी पुसलं.

खरं कारण लिहितो. दहावीला तुला चांगले मार्क पडले म्हणून काकांनी कॉम्प्युटर घेतला, तेव्हापासूनचं आहे. मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे यायचो. ज्या किल्ल्यात मी आठवडाभर मरत होतो, तिथे तू चकली खात खात उभी राहायचीस आणि म्हणायचीस, सरक जरा. आणि तो किल्ला पडायचा. तू मला कधी हसली नाहीस. हसली असतीस तर बरं झालं असतं. पप्पा घरी म्हणायचे, रुचीकडे बघ, ती डोकं लावते.

गाळा बंद पडला आणि तुम्ही गावी निघालात त्या दिवशी मी टेम्पोत सामान चढवलं. काका भिंतीला टेकून उभे होते, काकी मम्मीला मिठी मारून रडत होती. गावी वीज टिकत नाही, खारी हवा लागेल, म्हणून कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवायचं ठरलं होतं, आणि ते सुचवणारा मी होतो. टेम्पो गेटबाहेर वळला आणि मी धावत वर गेलो. वायरी जोडल्या, चालू केला. मला आनंद झाला होता, रुची. मनात आलं की आता या बिल्डिंगमध्ये आपल्यापेक्षा कोणी भारी नाही. तुझ्या बाबांचं काम गेलं होतं आणि मी हा विचार करत होतो. हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही.

तुझं पाच ऑक्टोबरचं पत्र वाचलं तेव्हा तोच जुना राग आला. माझ्याकडे रंगीत फोटो, फिल्म, ब्रॉडबँड, आणि तुझ्याकडे एक डागाळलेला कागद. तरी रेघ तुला दिसली.

गेल्या रविवारी मी फोरमवर सगळं लिहिलं. पाण्याची रेघ माझी नाही, माझ्या चुलत बहिणीची आहे, तिचं नाव रुचिता, ती गावखडीला राहते, आणि मी तिचं नाव मुद्दाम वगळलं. खिळ्यांचंही लिहिलं. कंपनीलाही ई-मेल केला, की माझ्या जागी तिला घ्या. परवा त्यांचं उत्तर आलं. नम्र होतं. त्यांनी मला दहातून काढलंय. तुला घेता येणार नाही, कारण खरं कोण आणि खोटं कोण हे तपासायला त्यांच्याकडे मार्ग नाही. आता नऊच नावं राहतील. हे मी आधी विचारात घ्यायला हवं होतं. मला वाटलं खरं बोललो की सगळं जागेवर येईल.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “पेढे मी परत कसे आणू?”

शिमग्याला कॉम्प्युटर घेऊन येतो.

जितू


गावखडी
२४ फेब्रुवारी २००७

जितू,

तू येऊ नकोस. तुझे पप्पा पालखीला येणारच आहेत, त्यांच्याबरोबर कॉम्प्युटर पाठव. आईबाबांना मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

तू लिहिलेलं मी फोरमवर वाचलं. चांगलं लिहिलंयस, मान्य करते. खाली आलेली सगळी उत्तरंही वाचली. साठच्या वर होती. त्यातल्या बेचाळीस जणांनी तुझ्या खरेपणाचं कौतुक केलंय. असं कबूल करायला छाती लागते म्हणे. त्या जर्मन माणसाने तुला सलाम ठोकला. माझ्याबद्दल कितीजणांनी लिहिलं ते मोजलं, अकरा. त्यातल्या चौघांना मी खरंच आहे की नाही याची शंका आहे, आणि एकाने मी दिसायला कशी आहे ते विचारलंय.

गोष्ट माझी होती, चोरी तू केलीस, आणि पुन्हा टाळ्या तुलाच मिळाल्या. मला तुझ्या माफीचाही हेवा वाटला, जितू. मी कॅफेत बसून दात आवळत होते. मग मी तिथे स्वतःचा आयडी काढला आणि लिहायला घेतलं की मी रुचिता, मी आहे. ते तसंच अर्धवट ठेवून उठले. मी आहे हे मी कोणाला का पटवून देऊ?

टेम्पोचं लिहिलंस ते वाचून फार लागलं. कारण त्या दिवशी मी मागच्या काचेतून बघत होते. तू धावत आत गेलास. मला वाटलं, रडू येतंय म्हणून गेलास. पुढे पनवेलपर्यंत मी तेच धरून बसले होते.

सध्या पत्र लिहू नकोस. मला लिहावंसं वाटलं तर मी लिहीन.

रुचिता


रत्नागिरी
६ एप्रिल २००८

प्रिय जितू,

वर्ष होऊन गेलं. गेल्या गणपतीत तू आलास आणि आरतीपुरतं एकमेकांशेजारी उभे राहिलो, त्याला मी बोलणं धरत नाही.

मी आता महिपत सरांच्या क्लासमध्ये शिकवते. इथेच रत्नागिरीला मावशीकडे राहते, शनिवारी घरी जाते. बाबा बरे आहेत. बागेतलं आता त्यांना कळायला लागलंय, गेल्या महिन्यात कलमं बांधायला शेजारच्या वाडीतून बोलावणं आलं होतं.

‘ऑर्डनफेल २’ आला आणि मी खेळले. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही, नुसतं काळं पडतं. सरांनी क्लासमधल्या नव्या मशीनवर घालायला परवानगी दिली. सकाळी सात ते नऊ, मुलं यायच्या आधी. एकोणीस दिवसांत संपवला.

तुला माहीतच असेल, पाणी आहे. पण मी लिहिलं होतं तसं नाही. मी म्हटलं होतं की आकाशाकडे बघून भरती कधी येणार ते ओळखायचं. त्यांनी त्यापुढचं केलंय. पुलापलीकडे जे गाव आहे तिथली माणसंही पाण्यावर जगतात. ओहोटीला ती बाहेर येतात, टोपल्या घेऊन खडकावर वाकतात, आणि आपण त्याच वेळेला खालचा दरवाजा उघडला तर पाणी वळतं आणि त्यांच्या अंगावर जातं. मला हे माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा दरवाजा उघडला, आतला खजिना घेतला, खूश होऊन वर आले, आणि खडकावर नुसत्या टोपल्या होत्या. मी तशीच बसून राहिले. सर आत आले आणि म्हणाले, “काय गं, बरं नाही का?”

मी धक्क्यावर स्वतः वाकून कालवं फोडलीयत. तरी मला त्या दाराशी उभं असताना ती माणसं आठवली नाहीत. ज्याने हे बनवलं त्याला आठवली. तो कोण ते मी शेवटच्या यादीत शोधलं, चाळीस नावं आहेत त्या कामाची, कुठलं ते कळत नाही. आठवडाभर त्या न दिसलेल्या माणसाचा मला इतका हेवा वाटला की जेवण जाईना. तुझ्यावर जे जळले होते ते त्यापुढे काहीच नव्हतं. तू माझं घेतलं होतंस. याच्याकडे जे आहे ते माझ्याकडे कधी नव्हतंच, आणि ते मला हवंय.

म्हणून मी अंधेरीला गेम बनवायचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याची परीक्षा दिली. पास झाले. जूनमध्ये सुरू होतोय. तुझ्या मम्मीशी आईचं फोनवर बोलणं झालंय, काकी म्हणाली सरळ आमच्याकडे ये. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तुला विचारते. तुला चालणार असेल तरच येईन. खरं लिही, नाहीतर दुसरीकडे सोय बघते.

रुची


सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१३ एप्रिल २००८

प्रिय रुची,

तुझं पत्र मम्मीने दारातच दिलं आणि मी बूट न काढता वाचलं. मी सध्या मालाडला एका बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये आहे. दिवसभर लोकांचे फॉर्म बघून त्यातली चूक काढायची. आता मी सगळं मोजतो, निदान पगार त्याचाच मिळतो.

तू लिहिलंस तो अंधेरीचा कोर्स मला माहीत आहे. त्याचा फॉर्म मी डिसेंबरात आणला होता. तीन महिने तो कपाटात कपड्यांखाली होता. परीक्षेची तारीख गेली त्या दिवशी मी तो काढून बघितला आणि परत ठेवला. मी नापास होईन असं नव्हतं मनात. मनात असं होतं की तिथे कोणीतरी तुझ्यासारखं असेल. आता तूच असणार.

तू पास झालीस हे वाचलं आणि तेच जुनं जळणं पुन्हा उठलं, जे त्या पाच ऑक्टोबरच्या पत्राच्या वेळी उठलं होतं. जराही कमी नाही. मला वाटत होतं, एवढं सगळं झाल्यावर ते जाईल. गेलेलं नाही, आणि तू आल्यावर रोज संध्याकाळी तू घरी येऊन काय शिकलीस ते सांगशील, तेव्हा रोज उठेल. खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं.

तरी ये. माझ्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल मी काल रिकामं केलं. पप्पांनी विचारलं, कोणासाठी. मी नाव सांगितलं.

जितू